पाच स्पीकर आणि एक बदनाम शब्द

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक अल्बमांच्या सराउंड, म्हणजे श्रोत्याभोवती मांडलेल्या अनेक स्पीकरमधून ऐकण्याच्या, आवृत्त्यांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचा सूर असा होता की पन्नास वर्षांपूर्वीच्या उत्तम ध्वनिमुद्रिका पुन्हा खपवण्यासाठी कंपन्या त्यांचे रिमिक्स करीत सुटल्या आहेत आणि पाच-सात स्पीकरमधून ते ऐकणे म्हणजे जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फासण्यासारखे आहे. लेखकाची कळकळ खरी आहे. पण ज्या शब्दावर लेखाचा सगळा डोलारा उभा आहे, तो शब्दच त्यांनी भलत्या अर्थाने घेतला आहे, आणि तेवढ्यामुळे एका चांगल्या गोष्टीला आपल्या वाचकांनी मुकावे हे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, याची मला कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर माझ्या घरातील हकिकतीला लावावी, फितींविषयीच्या मजकुराला लावू नये, ही विनंती.

आपल्याकडे 'रिमिक्स' हा शब्द बदनाम झाला तो या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत. जुन्या हिंदी चित्रपटगीताची चाल घ्यायची, ती नव्या गळ्याकडून गाऊन घ्यायची, खाली यंत्राचा धडधडता ठेका टाकायचा आणि वर एखादी भडक चित्रफीत जोडायची, या उद्योगाला आपण रिमिक्स म्हणू लागलो. वास्तविक त्यात पुन्हा मिसळण्यासारखे काहीच नव्हते. ते सरळसरळ नवे ध्वनिमुद्रण होते. त्या वेळचा आपला राग योग्यच होता, पण तो राग लेखकाने आता पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडांच्या खात्यावर मांडला आहे. ज्या आवृत्त्यांविषयी आपण बोलत आहोत त्यांत नवा ठेका नसतो, नवा गळा नसतो, एकही नवा स्वर वाजवलेला नसतो. जे वाजले होते तेच असते. फक्त ते पुन्हा मांडलेले असते.

मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यामुळे हे मला पाण्याच्या भाषेत सांगणे सोपे जाते. १९७२-७३ च्या सुमारास लंडनच्या चांगल्या स्टुडिओंत सोळा ट्रॅकची, दोन इंच रुंद फीत वापरात होती. ड्रम्स दोन-तीन ट्रॅकवर, बास गिटार एकावर, गायकाचा आवाज एकावर, साथीचे आवाज आणखी एक-दोहोंवर, असे प्रत्येक ओढ्याचे पाणी वेगळे साठवलेले असे. मिश्रण करायचे म्हणजे या सोळा ओढ्यांचे दरवाजे कमीजास्त उघडून सगळे पाणी दोन कालव्यांत सोडायचे, एक डावा आणि एक उजवा. कोणता दरवाजा केव्हा आणि किती उघडायचा, हा निर्णय त्या दिवशी टेबलापाशी बसलेल्या माणसांचा. तबकडी निघाली ती या दोन कालव्यांची. ओढे मात्र फितीवर जसेच्या तसे राहिले. आज सराउंड मिश्रण करणारा तंत्रज्ञ त्याच ओढ्यांपाशी परत जातो आणि तेच पाणी पाच कालव्यांत आणि शिवाय सबवूफरच्या एका लहानशा चारीत सोडतो. '५.१' या आकड्यातला शेवटचा एक म्हणजे ती चारी. पाण्यात बाहेरचे काही मिसळलेले नाही.

यावर लेखक म्हणतील की दरवाजे किती उघडायचे हीच तर कला आहे आणि ती मूळ कलावंतांनी एकदाच ठरवून टाकली आहे. हा आक्षेप वजनदार आहे. पण 'मूळ' म्हणजे कोणते? बीटल्सचा १९६७ सालचा 'सार्जंट पेपर' घ्या. त्याचे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, मिश्रण होत असताना चौघे बीटल्स स्टुडिओत हजर होते, त्यांनी त्यात लक्ष घातले. आज ज्याला आपण अभिजात म्हणून कवटाळतो ते स्टिरिओ मिश्रण नंतर त्यांच्या माघारी, बरेच घाईने उरकले गेले, कारण त्या वेळी ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत मोनोच वाजत होते. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे स्टिरिओ मिश्रण ठरवताना बँडमध्येच दोन तट पडले होते. वॉटर्स यांना आवाज कोरडा हवा होता, गिल्मर यांना त्यात अधिक गुंज हवी होती आणि शेवटी ख्रिस टॉमस या त्रयस्थाला बोलावून तोडगा काढावा लागला. शिवाय तबकडीची स्वतःची अडचण होतीच. डाव्या आणि उजव्या बाजूच्या खर्जात फार तफावत ठेवली तर सुई खोबणीतून उडते, म्हणून बास आणि बेस ड्रम मध्यभागी ठेवण्याची रीत पडली. म्हणजे ज्या दोन कालव्यांना आपण देवाज्ञा मानतो, त्यांतला काही भाग तडजोडीचा, काही घाईचा आणि काही सुईच्या सोयीचा आहे. यामुळे ते मिश्रण कमी प्रतीचे ठरत नाही. मी स्वतः ते आजही ऐकतो. पण ते एकच शक्य होते, असे म्हणता येत नाही.

लेखकाचा दुसरा मुद्दा असा की संगीत समोरून ऐकायचे असते आणि चहूबाजूंनी येणारा आवाज ही सर्कस आहे. हे ऐकून मला गंमत वाटली, कारण दिंडीत मध्यभागी चालणाऱ्या वारकऱ्याला टाळ काही समोरून ऐकू येत नाहीत. आपल्या मैफिलीतही गवयाच्या पाठीशी दोन्ही कानांमागे दोन तानपुरे असतात, उजवीकडे तबला आणि डावीकडे पेटी; म्हणजे गाणारा माणूस स्वतः आवाजाच्या कोंडाळ्यात बसलेला असतो, समोरून ऐकतात ते फक्त श्रोते. पण हा दाखला बाजूला ठेवून त्याच बँडचा इतिहास पाहू. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडने 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाचे एक पेटीवजा यंत्र वापरले होते. त्याला एक दांडी होती. ती ज्या कोपऱ्याकडे कलवावी त्या कोपऱ्यातल्या स्पीकरकडे आवाज वळे. ॲबी रोड स्टुडिओतल्या बर्नार्ड स्पाइट या अभियंत्याने ते बनवून दिले होते. पहिले यंत्र त्या कार्यक्रमानंतर चोरीला गेले. दुसरे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 'डार्क साइड' येण्याच्या सहा वर्षे आधीपासून या मंडळींना आवाज श्रोत्याभोवती फिरवायचा होता. त्यांच्या संगीताला सराउंड हे बाहेरून चिकटवलेले ठिगळ नाही.

मग ते तेव्हाच का रूढ झाले नाही? झाले होते, आणि आपटले. सत्तरच्या दशकात 'क्वाड्रोफोनिक' नावाने चार वाहिन्यांच्या तबकड्या निघाल्या. एका कंपनीची एसक्यू पद्धत, दुसरीची क्यूएस, तिसरीची सीडी-४. पहिल्या दोन पद्धतींत चार वाहिन्या दोनांत घडी घालून कोंबायच्या आणि घरी यंत्राने त्या उलगडायच्या, तिसरीत कानाला ऐकू न येणाऱ्या ३० किलोहर्ट्झच्या लहरीवर जादा माहिती स्वार करायची आणि ती वाचायला वेगळी सुई घ्यायची. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर धड वाजेना. घडी घालून उलगडलेल्या आवाजात कोपरे एकमेकांत सांडत असत. दशक संपेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळले आणि चार वाहिन्यांची ती मूळ मिश्रणे कपाटात गेली. नंतर २००० च्या आसपास डीव्हीडी-ऑडिओ आणि एसएसीडी या चकत्या आल्या, ज्यांवर प्रत्येक वाहिनी स्वतंत्र राहू शकत होती, आणि तेव्हा कुठे हा रखडलेला प्रकल्प पुरा झाला.

आता घरातील हकिकत. निवृत्तीनंतर मी नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच स्पीकर आणि सबवूफर घेतला. दुकानाने जोडणीसाठी एक मुलगा पाठवला. त्याने पाचही स्पीकर टीव्हीच्या फळीवर एका रांगेत, शाळेच्या वर्गफोटोत मुले बसवावीत तसे बसवले आणि सगळे एकदम मोठ्याने वाजवून दाखवले. "काका, मागच्या भिंतीला भोक पाडायला कोणी तयार होत नाही, म्हणून आम्ही सगळीकडे असेच करतो," असे त्याचे म्हणणे. मला वाटते, सराउंड म्हणजे नुसता गोंगाट, असे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तो असाच ऐकलेला असावा.

आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की श्रोत्याच्या नाकासमोरची रेषा शून्य मानली तर पुढचे दोन स्पीकर दोन्हीकडे ३० अंशांवर असावेत, एक बरोबर मध्यभागी, आणि मागचे म्हणवले जाणारे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे ते खरे तर मागे नसतातच. कानांच्या रेषेपासून जरासे पाठीकडे असतात. धरणाच्या भिंतीची आखणी केलेल्या माणसाला खोलीतले पाच कोन काढणे जड नव्हते. खुर्चीच्या पाठीला सुतळी बांधली, सहा फुटांवर गाठ मारली, लाकडी कोनमापक मांडीवर ठेवला आणि खडूने जमिनीवर पाच फुल्या मारल्या. पाचवी फुली नेमकी देवघरात पडली. देवघर हलणार नाही, हे ऐकून घेतल्यावर मी सगळी खोलीच मनातल्या मनात नव्वद अंशांत फिरवली. त्यामुळे टीव्ही आता माझ्या उजव्या कानाशी आहे आणि बातम्या मान वळवून पाहाव्या लागतात. वायरी सतरंजीखालून गेल्या आहेत. या सगळ्याला दोन दिवस लागले, खर्च सुतळीचा.

मग पहिली चकती लावली ती अर्थातच 'डार्क साइड'ची. या अल्बमची निदान दोन वेगवेगळी बहुवाहिनी मिश्रणे चकतीवर उपलब्ध आहेत आणि त्यांची तुलना हाच माझ्या मते लेखकाला दिलेला सर्वांत चांगला जबाब ठरेल. पहिले १९७३ मधले, ॲलन पार्सन्स यांचे. पार्सन्स तेव्हा चोविशीतले, ईएमआयच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत नोकरीला. अल्बमचे ध्वनिमुद्रण त्यांनीच केले होते. लंडनच्या तारांगणात अल्बमची ओळख पत्रकारांना करून देण्याचा समारंभ ठरला तेव्हा हे चार वाहिन्यांचे मिश्रण तयार झालेले नव्हते, म्हणून राइट वगळता बँडमधले बाकीचे तिकडे फिरकलेच नाहीत. दुसरे मिश्रण २००३ मधले, जेम्स गथ्री यांचे, अल्बमला तीस वर्षे झाली तेव्हाचे. गथ्री यांनी 'द वॉल'पासून बँडबरोबर काम केलेले. पार्सन्स यांचे जुने मिश्रण २०११ च्या पेटीबंद संचात पुन्हा अधिकृतपणे बाहेर आले. २०२३ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, गथ्री यांनीच केलेले डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरून येणारा आवाजही धरणाऱ्या पद्धतीचे, मिश्रणही आले आहे.

यातल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळे प्रत्येकाने ऐकलेली आहेत. ती पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, तीही या गाण्यासाठी नव्हे, तर चार वाहिन्यांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. म्हणजे जो आवाज मुळात चार कोपऱ्यांसाठी टिपला होता तो आपण आयुष्यभर दोन कोपऱ्यांत ऐकत आलो! माझ्या खोलीत पहिल्यांदा ती घड्याळे वाजली तेव्हा आधी डाव्या खांद्यामागे एक टिकटिक सुरू झाली, मग समोर, मग उजवीकडे, आणि सगळ्यांनी एकदम गजर केला तेव्हा सौ. हातात झारा घेऊन बाहेर आली आणि घड्याळजीचे दुकान घरात मांडले आहे की काय, म्हणून विचारती झाली. त्यानंतरचे ड्रमवादक मेसन यांचे रोटोटॉम या लहान ड्रमांवरचे ठोके मात्र तिने दारात उभे राहून पूर्ण ऐकले. ते ठोके आणि त्यांच्यामधली शांतता यांत खोलीची उंची-रुंदी अचानक कळू लागते. स्टिरिओत ती शांतता नुसती रिकामी जागा वाटते.

'मनी'मध्ये नाणी, गल्ल्याचे यंत्र, फाडलेला कागद यांच्या फितींचे सात तुकडे जोडून माळ केलेली आहे. सात मात्रा, आपल्याकडच्या कानाला रूपक मोजावासा वाटतो, जरी त्यांचा जोर वेगळ्या जागी पडतो. ही माळ श्रोत्याभोवती फिरू लागली की मला 'शोले'ची आठवण होते. मिनर्व्हात सत्तर एमएमच्या स्टिरिओफोनिक आवाजात नाणे उडवल्यावर लोकांनी खुर्चीखाली वाकून पाहिल्याची गोष्ट आमच्या पिढीने ऐकलेली आहे. तेव्हा त्याला सर्कस कोणी म्हटले नव्हते.

आता या दोन मिश्रणांत फरक काय? पार्सन्स चारही कोपरे सारख्या मानाचे धरतात. त्यांच्याकडे गिटार बिनधास्त पाठीमागे जाते, 'ऑन द रन'मधली धावती पावले खोलीला वळसा घालतात, कुठे कुठे कडा उघड्या राहतात. तरुण माणसाने नवे यंत्र हाती आल्यावर करावे तसे ते काम आहे. गथ्री समोरची बाजू पक्की बांधतात आणि मागचे स्पीकर गुंज, साथीचे आवाज आणि मोजके धक्के यांसाठी राखतात. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टॉरी यांचा शब्दांवाचूनचा आवाज मला गथ्रींकडे अधिक भिडतो, कारण तो कोठून येतो याचा विचारच मनात येत नाही. पण घड्याळे आणि नाणी पार्सन्स यांचीच. एकच फीत, एकच वादन, आणि दोन जाणत्या माणसांची दोन वाचने. एकाच बंदिशीची दोन घराण्यांतली मांडणी ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना हा आनंद समजावून सांगावा लागू नये.

क्वीन या बँडच्या १९७५ सालच्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'विषयी थोडेच लिहितो, कारण त्याबाबतीत मी निःपक्षपाती नाही. धोम धरणाच्या कालव्यांवर असताना वाईच्या क्वार्टरमध्ये मी हा अल्बम कॅसेटवर झिजवला, आणि वर डोंगरावर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी फारूख बलसारा या नावाने शिकला होता हे कळल्यावर रविवारी एसटीने जाऊन शाळेचे फाटक पाहून आलो. 'बोहिमियन ऱ्हाप्सडी'च्या मधल्या ऑपेरासारख्या भागात मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन अख्खा जमाव उभा केला आहे; चोवीस ट्रॅकची फीत इतक्यांदा यंत्रातून गेली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला होता, असे मे यांनी सांगितलेले आहे. कॅसेटवर तो जमाव मला दाटीवाटीचा वाटे. २००२ च्या डीव्हीडी-ऑडिओवर तो उभ्या खोलीत पसरला आणि सर्वांत वरचा, काचेसारखा सूर टेलर यांचा आहे, हे मला इतक्या वर्षांनी वेगळे ऐकू आले.

स्टीव्हन विल्सन यांचा उल्लेख लेखात नसावा, याचे मात्र आश्चर्य वाटले. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचे हे गायक-गिटारवादक गेली पंधरा-सोळा वर्षे हे काम सातत्याने करीत आहेत: किंग क्रिम्झन, जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट. क्रिम्झनच्या १९६९ मधल्या पहिल्या अल्बमच्या वेळी आठच ट्रॅक हाताशी होते. मेलोट्रॉन या, प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असलेल्या वाद्याचे थर एकावर एक चढवायचे तर भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावे लागत आणि अशा प्रत्येक उतरवणुकीत खरखर वाढे, धार जाई. २००९ च्या आवृत्तीसाठी विल्सन यांनी क्रिम्झनचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्याबरोबर काम करताना पहिल्या पिढीच्या फितींपर्यंत मागे जाऊन त्या जुळवून घेतल्या. म्हणजे नकलेच्या नकलेऐवजी अस्सल दस्तऐवज. जेथ्रो टलच्या 'ॲक्वालंग'चे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९७०-७१ मध्ये नव्यानेच उघडलेल्या स्टुडिओतल्या मोठ्या दालनात मुद्रित झालेल्या या अल्बमचा आवाज चोंदलेला आहे, ही चाहत्यांची चाळीस वर्षांची तक्रार. दोष वादनात नसून मिश्रणात होता, हे २०११ मध्ये विल्सन यांनी केलेल्या मिश्रणाने सिद्ध झाले. इथे मूर्तीला रंग फासलेला नाही, शेंदराची पुटे उतरवली आहेत.

लेखकाशी जिथे मी सहमत आहे त्या जागाही सांगतो. सगळीच मिश्रणे अशी जबाबदारीने होत नाहीत. काहींत मधल्या स्पीकरमध्ये गायकाला एकटे, उघडे पाडलेले असते आणि बाकीचे वादक जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. चार मित्रांनी एका खोलीत वाजवलेले गाणे चार फ्लॅटमध्ये विभागून दिल्यासारखे वाटते. आणि आता तर धागे वेगळे नसतानाही ते उसवता येतात. बीटल्सच्या १९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी चारच ट्रॅक होते. 'टॅक्समन'मध्ये गिटार, बास आणि ड्रम्स एकाच ट्रॅकवर आहेत. चित्रपटदिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने तयार केलेल्या संगणकीय पद्धतीने ती वाद्ये अलग करून जाइल्स मार्टिन यांनी २०२२ मध्ये त्याचे नवे मिश्रण केले. याच अल्बमवर 'लव्ह यू टू'मध्ये अनिल भागवत यांचा तबला आहे आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. मला 'रिव्हॉल्व्हर'चे हे नवे रूप आवडले. तरीही फितीवर वेगळा असलेला आवाज वेगळ्या जागी ठेवणे निराळे आणि संगणकाने अंदाज बांधून वेगळा काढलेला आवाज ठेवणे निराळे. दुसऱ्या प्रकारात ओढा नाही, नदीतून पुन्हा काढलेला ओढा आहे. असे असेल तर वेष्टनावर तसे लिहिले जावे.

बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आले, तेव्हा फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत केवळ मोनो यंत्र होते; त्यांच्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र आगगाडीने आणवले गेले. त्या दिवसांत तिथे शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे वादक वाजवून गेले आणि 'दि इनर लाइट' या गाण्याचा वाद्यांचा भाग तेथेच मुद्रित झाला. सगळी वाद्ये मिळून दोन ट्रॅक. उद्या कोणी त्याची पाच कालव्यांची आवृत्ती काढली, तर त्या बासरीची जागा कोणी ठरवली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

हेडफोनवरचा 'स्पेशिअल', म्हणजे चहूबाजूंनी आल्याचा भास देणारा, आवाज हे आणखी वेगळे प्रकरण आहे, आणि लेखकाचा बराचसा अनुभव त्यावरच बेतलेला असावा, असा माझा तर्क आहे. त्यात पाच स्पीकर नसतातच; मागून आलेला आवाज आपल्या कानाच्या पाळीवर आणि डोक्यावर आपटून जसा बदलतो, तसा बदल गणिताने करून तो दोन कानांत सोडला जातो. पण हे गणित सरासरी डोक्याचे असते. माझ्या नातीला त्यात आवाज खरोखर पाठीमागे ऐकू येतो. मला फक्त गाणारा माणूस बाथरूममध्ये गेल्यासारखा वाटतो. त्याहून मोठी तक्रार अशी की काही संगीतसेवांवर विशिष्ट हेडफोन लावले की न विचारता ॲटमॉस आवृत्तीच वाजू लागते आणि ऐकणाऱ्याला आपण १९७५ चे मिश्रण ऐकतो आहोत की गेल्या वर्षीचे, याचा पत्ता नसतो. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवायला माझी हरकत नाही. जुनीच्या जागेवर, तिच्याच नावाने बसवायला आहे. चकतीवरच्या पेटीबंद संचांत बहुधा मूळ स्टिरिओ, नवे स्टिरिओ आणि सराउंड असे सगळे एकत्र दिलेले असते आणि म्हणूनच ते संच मला प्रामाणिक वाटतात.

तेव्हा आपल्याला एक सुचवतो. यापुढे आपल्या पुरवणीत अशा अल्बमांविषयी काही छापताना तीन गोष्टींची नोंद अवश्य असावी: मिश्रण कोणी केले, कोणत्या फितींवरून केले, आणि लेखकाने ते किती स्पीकरवर ऐकले. नाटकाच्या परीक्षणात दिग्दर्शकाचे नाव गाळलेले आपण चालवून घेत नाही.

आणि लेखकाला माझे आमंत्रण आहे. त्यांनी नाशिकला यावे. सुतळी अजून खुर्चीला बांधलेलीच आहे आणि मधली खुर्ची त्यांची. मी बाजूच्या मोड्यावर बसेन, तिथून उजवीकडचे जरा जास्त ऐकू येते. त्यांनी स्वतःच्या आवडीची स्टिरिओ तबकडी बरोबर आणावी, आधी ती वाजवू, मग चकती. फक्त दुपारी दोन ते चार ही वेळ टाळावी. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा त्या वेळी झोपतात आणि घड्याळांच्या गजराविषयी त्यांचे मत लेखकाच्या मताशी तंतोतंत जुळते.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त अभियंता, नाशिक